विचारायला हवे, ऐकायला हवे

(जागतिक आत्महत्या प्रतिबंधक दिनानिमित्त मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या सभांचे विषय ठरलेले असतात. गणेशोत्सवाचा जमाखर्च, मराठी शाळांचा पट, महापालिकेत आपले किती नगरसेवक आणि तिकीट वाटपात कुणाला डावलले. हे विषय महत्त्वाचेच आहेत. पण आज मला ज्या विषयावर बोलायला सांगितले आहे, तो या सभागृहात सहसा निघत नाही. तो निघतो स्मशानातून परतताना, दोघांतिघांत आणि हळू आवाजात. दुसऱ्या दिवशी त्याला नाव मिळते 'अचानक गेला', 'पोटात दुखत होते', 'अपघात झाला'. तेरावे झाले की तेवढेही बोलणे थांबते.

विषय आत्महत्येचा आहे. आज तो मी पूर्ण शब्दात आणि मोठ्या आवाजात उच्चारणार आहे. ज्या दुखण्याचे नाव घ्यायला आपण कचरतो, त्यावर उपचार करता येत नाहीत.

प्रथम आकडे सांगतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात १,७०,९२४ माणसांनी आत्महत्या केली. राज्यवार यादीत सर्वांत वरचे नाव महाराष्ट्राचे होते, २२,७४६. म्हणजे देशातील दर आठ आत्महत्यांपैकी एकीहून अधिक आपल्या मायभूमीतील. महाराष्ट्र म्हटले की आपली छाती फुगते, ती फुगावीच. पण हा आकडाही त्याच महाराष्ट्राचा आहे.

आता हे कोण होते ते पाहू. आपल्या मनात चित्र असते ते विदर्भातल्या कर्जबाजारी शेतकऱ्याचे. ते खोटे नाही. त्याच वर्षी शेतकरी आणि शेतमजूर मिळून ११,२९० जण गेले. पण सर्वांत मोठा गट रोजंदारीवर काम करणाऱ्यांचा होता. चारातला एक बळी हातावर पोट असणारा होता. एकूण बळींपैकी सुमारे ६४ टक्के लोकांचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत होते. गृहिणी २५ हजारांहून अधिक, विद्यार्थी १३ हजारांहून अधिक. आणि दर दहांत सात पुरुष.

रोजंदारीवरचा, लाखाच्या आत कमावणारा, घरापासून दूर असलेला पुरुष म्हटल्यावर कुठल्या वस्त्या डोळ्यांसमोर येतात? लिंबायत, उधना, डिंडोली, गोडादरा, पांडेसरा. म्हणूनच हा विषय सुरतच्या मराठी मंडळात निघणे भाग आहे.

आपल्यापैकी बहुतेक घरे इथली जुनी आहेत. कुणाचे पूर्वज गायकवाडीच्या काळात सोनगड-व्यारा-नवसारीकडे आले, कुणाचे आजोबा रेल्वेत लागले, कुणाचे वडील मिलच्या कचेरीत. आपली मुले डॉक्टर, वकील, इंजिनिअर झाली. आपण गुजरातीत भांडू शकतो आणि कुठल्या कार्यालयात कुणाला भेटायचे ते आपल्याला ठाऊक असते. ताप्ती व्हॅली रेल्वे झाली आणि सुरत-भुसावळ मार्गाने खानदेश सुरतेला जोडला गेला. त्या मार्गावरून अंमळनेर, धरणगाव, शिंदखेडा, नंदुरबार इथली माणसे येतच राहिली. नवापूरचे स्टेशन अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे. ते ओलांडले की पाट्यांची भाषा बदलते, पण गाठोड्यात बांधून आणलेली चिंता बदलत नाही. गावाकडे कोरडवाहू जमीन, बहिणीच्या लग्नाचे कर्ज, म्हाताऱ्यांचे औषध. इथे भाड्याची खोली आणि बारा बारा तासांची पाळी. काम असले तर पैसे, नसले तर नाही.

आपण जुने आणि ते 'नंतर आलेले', अशी एक रेघ आपल्या मनात असते. निवडणुकीत मोजणी करताना आपण ती पुसतो. तेव्हा साऱ्या सुरतेत मराठी मतदार किती, हे अभिमानाने सांगतो. मग त्या मतदाराच्या घरी दिवा विझला, तर तोही आपल्याच घरचा समजायला हवा.

हे शहर मंदीत काय होते ते पाहून चुकलेले आहे. २००८-०९ च्या जागतिक मंदीत हिऱ्यांच्या कारखान्यांना टाळी लागली, रत्नकलाकार बेकार झाले आणि आत्महत्यांच्या बातम्या येऊ लागल्या. हिऱ्यांच्या धंद्यावर नुकत्याच आलेल्या मंदीत पुन्हा तेच झाले, तेव्हा २०२४ च्या जुलैत कामगारांच्या संघटनेने स्वतःच एक मदतवाहिनी सुरू केली. रत्नकलाकार बहुतेक सौराष्ट्रातले, म्हणजे आपले शेजारी. त्यांनी आपल्या माणसांसाठी फोन उचलायची सोय केली. आपल्या कापडाच्या धंद्यातही मंदी येते, लूम बंद पडतात, मिलमध्ये पाळ्या कमी होतात आणि बायकांना घरी मिळणारे साडीला लेस-टिकल्या लावण्याचे काम थांबते. आपण काय सोय केली आहे, हा माझा या सभेला पहिला प्रश्न आहे.

आता एक नाव घेतो. खानदेशी माणसाला ते नाव देवासारखे आहे. साने गुरुजी. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवणारे आणि वसतिगृहातल्या मुलांची सेवा आईच्या मायेने करणारे शिक्षक. 'श्यामची आई' लिहिणारे लेखक. पंढरपूरचे विठ्ठल मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ साली प्राण पणाला लावणारे सत्याग्रही. गांधीजींच्या हत्येनंतर २१ दिवस उपवास करणारे आणि १९४८ च्या १५ ऑगस्टला 'साधना' साप्ताहिक सुरू करणारे संपादक. या माणसाने ११ जून १९५० रोजी स्वतःचे जीवन संपवले.

गुरुजींची जयंती आपण करतो. त्यांच्या मृत्यूबद्दल मात्र मुलांना काही सांगत नाही, सांगितलेच तर 'महाराष्ट्राचे दुर्दैव' म्हणून पुढे जातो. मी हे नाव घेतले ते त्या मृत्यूला मोठेपण देण्यासाठी नाही. त्यात मोठेपण नव्हते, फक्त नुकसान होते. वयाच्या पन्नाशीत गेलेल्या त्या माणसाकडून महाराष्ट्राला अजून किती मिळाले असते! मी नाव घेतले ते एवढ्यासाठी की, 'जो दुबळा असतो, भित्रा असतो, संस्कार नसतात, तोच असे करतो' हे आपल्या घराघरांत बोलले जाणारे वाक्य आता तरी थांबावे. साने गुरुजींना दुबळे म्हणायची, त्यांच्यावर संस्कार नव्हते असे म्हणायची कुणाची छाती आहे? मनाचे दुखणे भल्या, शूर आणि प्रेमळ माणसालाही गाठते. त्याचे कारणही एकच एक नसते. निराशा, थकवा, एकटेपणा आणि आजार एकमेकांत मिसळत जातात.

२००६ च्या ऑगस्टमधला तापीचा पूर आपल्या सर्वांच्या लक्षात आहे. पाणी रस्त्यावर एका दिवसात आले, पण उकाईत ते आधीपासून चढत होते. पातळी कुणीतरी मोजत होते, वेळेवर काय केले आणि काय नाही, यावर पुढे वर्षानुवर्षे वाद झाला. माणसाचेही असेच असते. बाहेरच्यांना 'अचानक' वाटणारी गोष्ट बहुतेक वेळा अचानक नसते. तिची चिन्हे आपल्याला वाचता यायला हवीत.

चिन्हे कोणती? नेहमी बोलणारा माणूस गप्प होतो. झोप जाते, जेवण जाते. 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास', 'मी नसतो तर बरे झाले असते', 'आता काही होणार नाही' असे शब्द येऊ लागतात. दारू वाढते. आवडीच्या वस्तू वाटून टाकतो, देण्याघेण्याचा हिशोब कारण नसताना निकाली काढतो, लांबच्या नातेवाइकांना निरोप घेतल्यासारखे भेटून येतो. कधी कधी फार दिवस खचलेला माणूस एकाएकी शांत दिसू लागतो आणि घरच्यांना वाटते, सावरला. तेव्हाच अधिक जवळ राहायला हवे. आणि पूर्वी एकदा ज्याने प्रयत्न केला आहे, त्याला पुढेही धोका सर्वांत जास्त असतो. 'नुसती धमकी आहे, लक्ष वेधून घेतो' असे म्हणून त्याला सोडू नये. लक्ष वेधून घेत असेल, तर त्याला लक्षाचीच गरज आहे.

चिन्ह दिसले तर काय करायचे? विचारायचे, आणि स्पष्ट विचारायचे. 'भाऊ, जीव द्यावा असे विचार मनात येतात का?' आपल्याला भीती वाटते की, विचारल्याने नसलेला विचार डोक्यात येईल. तसे होत नाही. जगभरातील अभ्यासाने हे दाखवले आहे की, आपुलकीने विचारल्याने धोका वाढत नाही. उलट, कोंडलेल्याला पहिल्यांदा दार सापडते.

विचारले की ऐकायचे. इथे आपण मराठी माणसे कमी पडतो. समोरच्याने तोंड उघडले की आपण लगेच शहाणपण सांगायला लागतो. 'अरे, आमच्या वेळी आम्ही किती सोसले', 'बायकापोरांकडे बघ', 'देवाचे नाव घे', 'मन घट्ट कर'. हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याला वाटते की आपण इथेही नापास झालो. उपदेश राहू द्या. पाणी द्या, चहा द्या, शेजारी बसा. तो अहिराणी बोलणारा असेल तर त्याच्याशी अहिराणीत बोला. 'कसं शे, भाऊ?' एवढे आपल्या भाषेत ऐकले तरी परक्या शहरात माणसाचा गळा भरून येतो. मनातले दुःख माणूस आपल्या आईच्या भाषेत सांगतो, गुजराती फॉर्म भरून सांगत नाही.

आणि त्या वेळी त्याला एकटे सोडू नका. घरातली औषधे, कीटकनाशके, जे काही जिवाला धोक्याचे असेल ते नजरेआड आणि कुलपात ठेवा. हा उपाय साधा वाटतो, पण सर्वांत परिणामकारक उपायांपैकी तो एक आहे. तो टोकाचा क्षण बहुधा फार काळ टिकत नाही. तो टळला तर माणूस वाचतो, आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आयुष्य जगतात. श्रीलंकेने अत्यंत विषारी कीटकनाशकांवर एकामागून एक बंदी घातली आणि तिथले आत्महत्यांचे प्रमाण १९९५ नंतरच्या दोन दशकांत सुमारे ७० टक्क्यांनी खाली आले. 'ज्याला मरायचे तो मरतोच' ही म्हण चुकीची आहे.

त्यानंतर डॉक्टरकडे न्यायचे. सिव्हिल हॉस्पिटल आणि महापालिकेचे स्मीमेर, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे. रात्री-अपरात्री काही सुचेना तर १४४१६ हा 'टेली-मानस'चा क्रमांक आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी तो सुरू केला. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर १०८ ची रुग्णवाहिका. घरात छळ सोसणाऱ्या बहिणीसाठी १८१ 'अभयम्'. हे तीन क्रमांक आज घरी जाऊन दाराच्या मागे लिहून ठेवा.

पुष्कळ जण दवाखान्यात नेत नाहीत ते पोलिसांच्या भीतीने. 'केस होईल, मुलाचे नाव खराब होईल.' म्हणून कायद्याचे थोडे सांगतो, कारण त्यात आपल्या महाराष्ट्राचा वाटा आहे. इंग्रजांच्या दंड संहितेतील ३०९ व्या कलमाने आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवला होता. मुंबई पोलिसांतील एका मनोरुग्ण शिपायावर असा खटला झाला. त्या प्रकरणात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या खंडपीठाने ते कलमच घटनाबाह्य ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ साली तोच विचार मान्य केला, पण १९९६ साली घटनापीठाने तो फिरवला आणि कलम पुन्हा उभे राहिले. शेवटी २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने सांगितले की, प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानावे, त्याला शिक्षा करू नये, आणि त्याची काळजी, उपचार व पुनर्वसन हे सरकारचे कर्तव्य आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते जुने कलम उरलेच नाही. सरकारी अधिकाऱ्याला त्याच्या कामात अडवण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल, जबाब होईल. पण वाचलेला माणूस गुन्हेगार नाही. हे प्रत्येक खोलीपर्यंत पोचायला हवे, कारण या भीतीने घालवलेला एक तास जीव घेऊ शकतो.

'पण आपण काही डॉक्टर नाही, आपण काय करणार?' असे कुणी म्हणेल. त्यांच्यासाठी अमरावती जिल्ह्याचे उदाहरण देतो. ज्या विदर्भाचे नाव शेतकरी आत्महत्यांशी जोडले गेले, तिथल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. गावातल्याच माणसांना प्रशिक्षण दिले. ती घरोघरी गेली, बोलली, धीर दिला आणि गरज असेल त्याला डॉक्टरांशी जोडून दिले. नैराश्याने ग्रासलेल्यांपैकी आधी शंभरात जेमतेम ४ जण मदत घेत होते, अठरा महिन्यांत ते २७ झाले. आत्महत्येचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ टक्क्यांवर आले. २०१७ साली हा अभ्यास 'लॅन्सेट' समूहाच्या मानसोपचारविषयक नियतकालिकात छापून आला. तिथे मोठे इस्पितळ उभारले नव्हते. ओळखीच्या माणसाने ओळखीच्या भाषेत दार ठोठावले होते.

तेच आपण करू शकतो. माझी मंडळाला विनंती आहे की, प्रत्येक मराठी वस्तीतून दोन पुरुष आणि दोन स्त्रिया अशी माणसे निवडावीत आणि मानसोपचारतज्ज्ञांकडून त्यांचे रीतसर प्रशिक्षण करून घ्यावे. ती उपदेश न करणारी आणि पोटात गोष्ट ठेवणारी असावीत. गणपतीच्या मांडवात आपण देखाव्यांवर एवढा खर्च करतो, तिथे १४४१६ ची एक मोठी मराठी पाटी लागावी. बोर्डाच्या निकालाच्या दिवशी मराठी शाळांच्या शिक्षकांनी नापास मुलांची घरे आधी गाठावीत, पेढ्यांची घरे मग.

आता राजकारणाचे. आपले हे पत्रक राजकीय आहे, तेव्हा हेही सांगितले पाहिजे. आत्महत्या हा केवळ मनाचा विषय नाही, तो पोटाचा आणि कर्जाचाही आहे. व्याजखोरांच्या जाचाने गुजरातेत घरेच्या घरे उद्ध्वस्त झाली. गुजरातेत २०११ चा सावकारी कायदा आहे, आणि २०२३ च्या जानेवारीत पोलिसांनी राज्यभर व्याजखोरांविरुद्ध मोहीम काढून लोकदरबार भरवले. मोहीम महिन्याची असते, व्याज बारा महिने चढते. मत मागायला जो कुणी आपल्या वस्तीत येईल, मग तो कुठल्याही पक्षाचा असो, त्याला चार गोष्टी विचारा. लिंबायत-उधन्याच्या आरोग्य केंद्रात मराठी बोलणारा समुपदेशक कायमचा बसेल का? व्याजखोराविरुद्धची तक्रार वर्षभर तितक्याच तत्परतेने घेतली जाईल का? महापालिकेच्या मराठी शाळांतल्या शिक्षकांना चिन्हे ओळखण्याचे प्रशिक्षण मिळेल का? काम बंद पडले की कामगाराला आधार काय? केंद्राच्या २०२२ च्या राष्ट्रीय धोरणाने २०३० पर्यंत आत्महत्यांचे प्रमाण १० टक्क्यांनी घटवायचे ठरवले आहे. त्यात सुरतेचा वाटा काय, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

शेवटी, ज्या घरात हे घडून गेले आहे, त्या घराविषयी. या सभागृहातही अशी घरे असतील. त्यांना मी एवढेच सांगतो की, तुमचा दोष नाही. आणि बाकीच्यांना सांगतो, त्या घरी जा. 'का केले असेल?' हे विचारू नका, त्याचे उत्तर त्यांच्याकडेही नसते. वहिनीच्या स्वभावाची चर्चा करू नका, मुलाचे फोटो मोबाइलवर फिरवू नका. गेलेल्याचे नाव घ्या, त्याच्या चांगल्या आठवणी सांगा. तेराव्यानंतरही जा, कारण खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. मुलांच्या फीचे काय, भाड्याचे काय, गावाकडच्या कर्जाचे काय, हे हळूच विचारून हातभार लावा. लग्नाच्या बोलणीत त्या घराला कमी लेखू नका.

आपण गुजरातेत पिढ्यान् पिढ्या राहिलो, प्लेग पाहिला, पूर पाहिला, लॉकडाउन पाहिला. प्रत्येक वेळी शेजाऱ्याचे दार ठोठावून 'बरे आहात ना?' असे विचारले. तीच सवय या दुखण्यालाही लावायची आहे. आज घरी गेल्यावर, कुणाचा चेहरा बरेच दिवस उतरलेला दिसतो आहे हे आठवा, आणि उद्या सकाळी त्याच्याकडे जा.

जय महाराष्ट्र, जय जय गरवी गुजरात.